मोठ्या वावरासाठी बोअर की विहीर? विदर्भातल्या जमीनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-वीस एकर वावर, त्यात शेतघर, थोडी बाग, एखादा गोठा आणि पाण्याचा भरवसा नाही, अशी परिस्थिती असलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मोठ्या जमिनीचा पाण्याच्या बाबतीत एक मोठा फायदा असतो, तो म्हणजे जागा निवडायला वाव मिळतो. एक-दोन एकरवाल्याला तो मिळत नाही. तरीही बहुतेक जण आधी फूट आणि दर विचारतात, जागा शेवटी ठरवतात. म्हणून इथे सुरुवात जागेपासून केली आहे.

बोअर घराजवळच घेतला तर चालेल ना? पाइप आणि वायर वाचेल.

पाइप वाचेल, पण पाणी लागेलच असं नाही. शेतघर आपण उंचवट्यावर, रस्त्याला लागून बांधतो. पाणी मुरतं ते उताराच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठाने, खोलगट भागात. कोरड्या बोअरचा पैसा परत येत नाही, सहाशे फूट पाइप मात्र वर्षानुवर्षं कामात येतो.

एप्रिल-मे महिन्यात सगळा धुरा पायी फिरा. सगळीकडे वाळलेलं असताना कुठे हिरवळ टिकून आहे, उंबर किंवा शिंदीची झाडं कुठे आहेत, नाल्यात शेवटचं डबकं कुठे आटतं, हे पाहून ठेवा. मग आजूबाजूच्या विहिरी बघा. कोणत्या विहिरीला मेमध्ये पाणी असतं, किती हात असतं, मोटर किती तासांत उपसते आणि परत भरायला किती वेळ लागतो, हे शेजाऱ्याला विचारा. म्हाताऱ्या सालदाराला विचारलं तर आणखी चांगलं, कारण पडलेल्या सालांची आठवण त्यालाच असते. ही माहिती फुकट मिळते आणि कोणत्याही मशीनच्या आधी ती हातात असली पाहिजे.

गोठा, संडासाचा खड्डा आणि खताचा उकिरडा यांच्यापासून बोअर लांब आणि चढाच्या बाजूला ठेवा.

आमच्या भागात पाणी किती फुटांवर लागेल?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. विदर्भाच्या पोटात निदान चार-पाच प्रकारची जमीन आहे.

यवतमाळ, वाशिम, वर्धा आणि अमरावती-अकोला-बुलडाण्याचा मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. घट्ट काळ्या थरात पाणी नसतं. ते असतं वरच्या कुजक्या मुरमात, भेगांमध्ये, पांढऱ्या दाण्यांच्या मांजऱ्या दगडात आणि दोन थरांच्या सांध्यात. यातलं बरंचसं पाणी पहिल्या पन्नास-साठ फुटांत असतं. खाली सांधे सापडतात, पण ते हमखास नाहीत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग जुन्या ग्रॅनाइट-नाइस जातीच्या खडकाचा आहे. तिथे सगळा खेळ भेगांचा. एका बोअरला भरपूर पाणी आणि पन्नास फुटांवरचा दुसरा ठणठणीत कोरडा, हे तिथे नेहमीचं आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात आणि नागपूरच्या उत्तरेला कामठीच्या बाजूने वालुकाश्म आहे. हा दगड पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तिथे चांगला बोअर लागतो. मात्र जवळ कोळशाची खाण असेल तर खाणीतला उपसा आसपासच्या विहिरींची पातळी खाली नेतो, हे जमीन घेण्याआधीच तपासा. वणी, कोरपना, राजुऱ्याकडे चुनखडी आहे, तिथलं पाणी जड असतं.

पाचवा प्रकार पूर्णा खोऱ्यातल्या गाळाचा. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

मग विहीर खोदावी की बोअर घ्यावा?

काळ्या पाषाणाच्या भागात, नाल्याजवळ जागा असेल आणि बागायत करायची असेल, तर माझं मत आधी विहीर. हिशेब बघा. २० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी उभं असेल तर ते जवळपास ८९ हजार लिटर होतं. साडेसहा इंची बोअरमध्ये १०० फूट पाणी उभं असलं तरी ते जेमतेम ६५० लिटर. म्हणजे बोअरमध्ये साठा नसतोच, तो फक्त झऱ्यावर चालतो. विहीर रात्रभर भरते आणि सकाळी एकदम देते. शिवाय वरच्या मुरमातलं जे पाणी बोअरवाला केसिंग (भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवायचा पाइप) टाकून बंद करतो, तेच विहिरीला चारही बाजूंनी मिळतं.

घर, गोठा आणि परसबागेपुरतं पाणी हवं असेल तर बोअर पुरेसा आहे. खर्च कमी, काम एका दिवसाचं, आणि झाकण नीट असेल तर पाणीही स्वच्छ.

जुनी विहीर आहे पण आटते, अशांनी नवीन बोअरकडे धावण्याआधी विहिरीतला गाळ काढून बघावा. विहिरीच्या तळातून उभा किंवा बाजूने आडवा बोअर मारून झरे मोकळे करता येतात. अनेकदा तेवढ्यात काम होतं.

पाणाड्याला बोलवावं का?

गावात त्याला मान आहे आणि त्यातले काही जण वर्षानुवर्षं शिवार फिरून जमीन ओळखायला शिकलेले असतात. पण नारळ उभा राहिला, काठी वळली यावरून खालचं पाणी कळतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. बोलावलंत तरी लाखाचा निर्णय त्या नारळावर सोडू नका.

मशीनने सर्वे केला तर पाणी नक्की लागतं का?

नक्की नाही, पण शक्यता वाढते. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीजप्रवाह सोडतात आणि जमीन त्याला किती अडवते ते मोजतात. घट्ट कोरडा पाषाण जास्त अडवतो, ओला मुरूम आणि भेगाळ दगड कमी. खुंट्या लांब नेत गेलं की खोलवरचं चित्र मिळतं. यातून थर कळतात, लिटर कळत नाहीत. ‘अडीच इंच पाणी, २३० फुटांवर’ असं छातीठोक सांगणारा सर्वेवाला मशीन वापरत असला तरी अंदाजच सांगतो आहे. चिकणमाती आणि खारं पाणी दोन्ही वीज सहज वाहू देतात, म्हणून पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, हे वाचन करायला अनुभवी माणूसच लागतो.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ही यंत्रणा नेमाने मोजते. आपल्या पाणलोटाची स्थिती आधी तिथे विचारा. खासगी भूवैज्ञानिक बोलावला तर त्याला दोन-तीन जागा क्रमाने द्यायला सांगा आणि अहवाल लेखी घ्या.

‘दोन इंच पाणी लागलं’ म्हणजे नक्की किती?

या एका शब्दावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. इंच मोजायची योग्य पद्धत म्हणजे पत्र्याच्या पाटीला काटकोनात कापलेली खाच. ती पाण्याच्या वाटेत आडवी बसवायची आणि मागे साचलेल्या पाण्याची खाचेच्या खालच्या टोकापासून उंची मोजायची. अशा खाचेवरून एक इंच पाणी म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० आणि तीन इंच म्हणजे सुमारे ८,०००. इंच दुप्पट झाला की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटीहून जास्त होतं. म्हणून ‘दीड की दोन’ हा वाद किरकोळ नाही. नुसत्या डोळ्यांनी, उडणाऱ्या फवाऱ्यावरून सांगितलेला इंच धरूच नका.

आता गरज काढा. संत्र्याची ६ बाय ६ मीटरवर लागवड असेल तर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात. मेच्या उन्हात मोठ्या झाडाला ठिबकने रोज शंभरेक लिटर धरा. दहा एकराला रोज १ लाख १० हजार लिटर झाले. दोन इंची बोअर आठ तास चालला तर २३ हजार लिटर देतो. एवढ्यावर दहा एकराची बाग लावणं म्हणजे पाच-सहा वर्षांनी ऐन बहारात कुऱ्हाड चालवायची तयारी ठेवणं. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात लोक हजार फुटांपर्यंत गेले आणि तरीही बागा वाळल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आधी पाणी मोजा, मग झाडं मोजा.

घराचा हिशेब सोपा आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत, शेतघरात त्याच्या दुप्पट धरा. दुधाळ म्हशीला पिण्यापुरते साठ-सत्तर लिटर, धुणं वेगळं.

बोअरची गाडी आली की आम्ही काय बघायचं?

विदर्भात येणाऱ्या कितीतरी गाड्या तमिळनाडूच्या असतात. तिथलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं मोठं केंद्र. पोरं कामाला चोख असतात, पण त्यांना फूट मोजून पैसे मिळतात. त्यामुळे वावराकडून लक्ष ठेवणारा माणूस उभा हवाच.

वही आणि पेन घेऊन बसा. रॉड बहुधा २० फुटांचा असतो, पण सुरुवातीला टेप लावून खात्री करा. प्रत्येक रॉड उतरला की वहीत रेघ ओढा. बाहेर पडणारा भुगा दर रॉडला धुऱ्यावर वेगळा ढीग करून ठेवा आणि मूठभर पिशवीत भरून फूट लिहा. आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग राखाडी-काळा बारीक भुगा येईल. भुग्यात पांढरे दाणे चमकायला लागले की मांजरा लागला. विटकरी लाल भुगा आला तर दोन लाव्हांच्या मधला लाल थर आहे, त्याच्या आसपास लक्ष ठेवा. धूळ उडायची थांबून गोळे पडायला लागले म्हणजे ओल आली. पाणी किती फुटांवर आलं, कुठे वाढलं, ते तिथल्या तिथे लिहा. ही वही पुढे मोटर किती खाली सोडायची हे ठरवते. दुसरा बोअर घ्यायची वेळ आली तर तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

दराचं आधीच लेखी ठरवा. पहिल्या टप्प्याचा फूटदर, नंतर दर शंभर फुटांना वाढणारा दर, केसिंगचा वेगळा दर, गाडी आणायचा खर्च. पाणी लागो न लागो, पैसे द्यावेच लागतात.

केसिंग किती टाकावं?

माती आणि मुरूम संपून पक्का दगड लागेपर्यंत, आणि त्या दगडात आणखी काही फूट. इथे काटकसर करू नका. केसिंग मुरमातच टेकवलं तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात माती ढासळते, गढूळ पाणी येतं आणि मोटर अडकते. केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटने बंद करा आणि पाइप जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवा, म्हणजे पुराचं आणि गोठ्याचं पाणी आत जाणार नाही.

३०० फूट झालं, पाणी नाही. अजून खाली जावं का?

काळ्या पाषाणात बहुतेक वेळा माझं उत्तर थांबा असंच असतं. त्याच खड्ड्यात आणखी दोनशे फूट जाण्यापेक्षा तो पैसा दुसऱ्या जागी लावणं बरं, आणि मोठ्या वावरात दुसरी जागा असते. ड्रिलरचा दर खोलीबरोबर चढतो, पाणी सापडायची शक्यता मात्र उतरते. सर्वेत खालचा सांधा स्पष्ट दिसला असेल किंवा शेजारच्या बोअरला त्या खोलीवर पाणी असल्याचं पक्कं माहीत असेल, तरच पुढे जा. ओल आहे पण धार नाही, अशा बोअरमध्ये मोठ्या दाबाने पाणी सोडून भेगा उघडायची पद्धत आहे, हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात. ग्रॅनाइट भागात ती करून बघण्यासारखी आहे.

कोणत्या महिन्यात घ्यावा?

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. पातळी तळाला असताना लागलेलं पाणी खरं. ऑक्टोबरमध्ये लागलेलं दोन इंच पाणी मेमध्ये राहीलच असं नाही. उन्हाळ्यात गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेवा. पाऊस पडल्यावर काळ्या मातीत ती गाडी शिरतही नाही.

परवानगी लागते का? जमीन तर आमचीच आहे.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क जमीनमालकाला मानला गेला आहे. पण महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने त्याला मर्यादा घातल्या. २००९ चा हा कायदा २०१४ पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला कायदा ‘खोल विहीर’ म्हणतो आणि शेती-उद्योगासाठी तशा विहिरींवर निर्बंध आहेत. बोअरच्या गाडीचीही नोंदणी लागते, तो कागद गाडीवाल्याकडे मागा. सगळे चारशे फूट जातात म्हणून आपणही जावं, हे कायद्यापुढे टिकत नाही.

अधिसूचित किंवा अतिशोषित पाणलोट असेल तर नियम आणखी कडक आहेत. ग्रामपंचायत आणि जिल्ह्याचं भूजल कार्यालय, दोन्हीकडे लेखी विचारा. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या आसपास शेतघराचा रिसॉर्ट करायचा विचार असेल तर तो वापर व्यावसायिक ठरतो आणि परवानग्या वेगळ्या लागतात.

आमच्या बोअरमुळे शेजाऱ्याची विहीर आटेल का?

आटू शकते. खालची भेग सातबारा बघत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, निदान दीडशे मीटर. बोअर झाल्यावर एक दिवस मोटर सलग चालवून त्यांच्या विहिरीची पातळी त्यांच्यासमोर मोजा. वीस एकरवाल्याने हे आपणहून करावं असं मला मनापासून वाटतं, कारण दोन एकरवाल्याकडे दुसरी जागा नसते.

मोटर किती एचपीची?

बोअर किती देतो त्यावर, जमीन किती आहे त्यावर नाही. आधी भाड्याची मोटर लावून निदान आठ तास उपसा करा, पातळी कुठे स्थिरावते ते बघा, आणि त्याच्या खाली पण तळापासून पंधरा-वीस फूट वर मोटर सोडा. कोरडी चालली की बंद पाडणारं स्टार्टर घ्याच.

पंपाची वीजजोडणी नसेल तर राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपीपर्यंतचा पंप मिळतो. मोठ्या जमिनीला साडेसात मिळतो म्हणून दीड इंची बोअरवर तो लावू नका. लहान पंप दिवसभर हळूहळू अस्तराच्या शेततळ्यात पाणी टाकेल आणि तिथून ठिबकला जाईल, ही रचना कमी पाण्याच्या बोअरला सगळ्यात मानवते.

पाणी पिता येईल का?

तपासल्याशिवाय नाही, कितीही गोड लागलं तरी. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५ आणि एकूण विरघळलेल्या क्षारांची ५००, नाइलाजाने २,०००. यवतमाळच्या केळापूर-झरी भागात आणि चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आले, मोठ्यांची हाडं-सांधे आखडले, तर पाण्यावर संशय घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करायचं नलगोंडा तंत्र नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच विकसित केलं, घरापुरता आरओही चालतो. नमुना दोनदा द्या, एक मेमध्ये आणि एक पावसाळ्यानंतर. सालदाराचं कुटुंब वावरात राहत असेल तर त्यांच्या पिण्याची सोयही याच तपासणीवर ठरवा.

आमची जमीन दर्यापूर-मूर्तिजापूरकडे आहे. बोअर घेऊ का?

पूर्णा खोऱ्याचा हा खारपाणपट्टा. गाळाचा जाड थर आणि खाली खारं पाणी. पाणी भरपूर लागेल, पण ते पिकाला दिलं तर दोन-चार हंगामांत जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते आणि ती परत आणायला फार वर्षं जातात. आधी पाण्याची विद्युत वाहकता आणि सोडियम तपासा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. बहुतेकांना इथे शेततळंच जास्त हिताचं ठरतं.

उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हारा-अचलपूरच्या बझाडा (डोंगरपायथ्याच्या भरावाच्या) पट्ट्यात पाणी गोड आहे पण खोल, आणि वर दगडगोट्यांचा भराव. तिथे आणि गाळात नेहमीची, ठोकून खोदणारी हॅमरची गाडी चालत नाही, भोक ढासळतं. फिरवून खोदणारं रोटरी मशीन, जाळीचा पाइप आणि भोवती खडीचा भराव लागतो.

पुनर्भरण केलं तर फरक पडतो का?

पडतो, आणि मोठ्या वावरात तो डोळ्यांनी दिसतो. दीड हजार चौरस फुटांच्या छतावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही सुमारे ९० हजार लिटर पाणी मिळतं. ते दगड, गिट्टी, वाळूच्या गाळणखड्ड्यातून बोअरभोवती सोडा. वावरातलं गढूळ, खत-औषधाचं पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नका. गाळाने भेगा बुजतात आणि विष खाली जातं.

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारांनी, म्हणजे जुन्या काळच्या जमीनदारांनी, बांधलेले तलाव आणि शेतातल्या बोड्या (लहान तळी) आजही आसपासच्या विहिरी जिवंत ठेवतात. तुमच्या जमिनीत अशी बोडी बुजलेली असेल तर बोअरच्या आधी तिचा गाळ काढा. काळ्या पाषाणाच्या भागात हेच काम नाल्यावरचा लहान बंधारा करतो, आणि विहीर त्याच्या खालच्या बाजूला घ्यावी.

कोरडा गेलेला बोअर तसाच ठेवला तर?

अजिबात नाही. उघड्या बोअरमध्ये पडून मुलं गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यासाठी नियम घालून दिले. बोअर घेण्याच्या १५ दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचं, काम चालू असताना फलक आणि कुंपण लावायचं, केसिंगभोवती अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा सिमेंटचा चौथरा बांधायचा, ०.३० मीटर जमिनीत आणि तेवढाच वर. तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करायचा किंवा नटबोल्टने पक्कं झाकण बसवायचं. सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, दगड, मुरमाने भरून टाकायचा. वर दगड ठेवणं किंवा पोतं बांधणं पुरत नाही. हे काम बोअरची गाडी वावरातून निघायच्या आधी, त्याच दिवशी करून घ्या.